अठरा सालचे दरडोई उत्पन्न

॥ श्री ॥
पुणे, ता. ४ डिसेंबर १९३९

ती. स्व. कोंडाजी आबा यांचे चरणी पुतण्या भिमाजीचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. बाजाराची गाडी हाकताना आपण पंचवीस वर्षे लिहिलेल्या वहीचे कॉलेजात फार कौतुक झाले. आपली भुशी हा एक लहानसा देश आहे असे धरून मी निबंध लिहितो आहे: गावाने दर साली काय पिकवले, काय विकले, आणि माणशी किती पडले. सोळा साली एकतीस रुपये, वीस साली अठ्ठावीस. पण अठरा साली एकदम चाळीस! त्या साली तर पाऊस बुडाला, भात गेले. सारी वाढ लाकडाची दिसते. आमचे प्रोफेसर म्हणाले की तुझ्या चुलत्याचे डोके व्यापाऱ्याचे आहे. मीही ‘अडचणीच्या वर्षातली प्रगती’ असे लिहून ठेवले आहे. शनिवारी निबंध छापायला जाईल. एवढे लाकूड कुठे गेले ते कळवावे.

काकूस नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.
आपला, भिमाजी

॥ श्रीशंकर प्रसन्न ॥
भुशी, ता. ७ डिसेंबर १९३९

चि. भिमाजीस कोंडाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या काकूला वाचून दाखवले. धोंडाबाई म्हणाली, गावाचा देश केलाय तर राणी कोण, आणि तिनेही भाकऱ्या थापायच्याच का, ते विचारून घ्या. ती हसली. मला हसू आले नाही.

ते मानमोडीच्या साथीचे वर्ष. आश्विनात लोणावळ्यात रोज माणसे जात होती आणि चितेला लाकूड मिळेना. भाव तिप्पट झाला. आपल्याकडे कुणी गेले की घरटी एक लाकूड द्यायची रीत; त्यासाठी प्रत्येकाच्या पडवीत वाळले लाकूड रचलेले असे. मी घरोघर फिरून ते विकत घेतले आणि बाजारात नेले. गावातल्या गेणूने हटकले होते, की आबा, मरण काय लोणावळ्याचंच हाय व्हय, हितं येनार न्हाई? मी त्याला भित्रा म्हणालो.

मी तिसऱ्या फेरीला गेलो असताना तुझी आई सरुबाई गेली. तुझा बाप लढाईवर, तो परत आलाच नाही. गावात वाळले लाकूड नव्हते आणि रानात जाऊन तोडील असा धडधाकट माणूस नव्हता. गेणूने तिला पुरले.

दर पितृपंधरवड्यात इंद्रायणीच्या ज्या दगडापाशी मी तुला पाणी सोडायला लावतो, तिथे ती कधी जळलीच नाही. हे मी देवापुढे बोललो, तुझ्यापुढे बोललो नाही. आणि त्या साली तेवीस माणसे गेली, म्हणून तुझा भागाकारही मोठा आला. प्रगती लिहू नकोस, बाळा. बाकी तुला योग्य वाटेल ते कर.

आशीर्वाद घेशील तर आहेच.
कोंडाजी

पुणे, ता. ११ डिसेंबर १९३९

ती. स्व. आबांस सा. न.

निबंध शनिवारी दिला नाही, आज दिला. चाळीसचा आकडा ठेवला आहे. खाली काय विकले आणि किती माणसे गेली ते लिहिले. आपले नाव घातले नाही.

आईला कुठे पुरले ते आपण लिहिले नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतो.
भिमाजी

भुशी, ता. १३ डिसेंबर १९३९

चि. भिमाजीस आशीर्वाद.

जागा मला ठाऊक नाही म्हणून लिहिली नाही. एकट्या गेणूला ठाऊक आहे. तो रोज माझ्या दारावरून जातो, पण एकवीस वर्षांत त्याला विचारायचे मला धाडस झाले नाही.

रविवारी तू त्याला विचार. तो जागा दाखवायला निघाला की मी मागून येईन. मला परत पाठवू नकोस.

कोंडाजी