एका खुर्चीची खोली

प्रिय पिटुकले,

कागदावरचं पत्र बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, सगळे सुखरूप आहेत. तुझा दादा ठणठणीत आहे. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरचाच झालाय. पत्र अशासाठी, की फोनवर मला तुझ्याशी बोलताच येत नाही. आमचा फोन हल्ली दोघांचा झालाय. तुझं नाव दिसलं की तुझा दादा स्पीकर लावतो, फोन दोघांच्या मधे ठेवतो आणि मी तोंड उघडायच्या आत "आम्ही मजेत" म्हणून मोकळा होतो. मग तू विचारतेस, शिडे, तू का गं गप्प? काय सांगणार, कप्पाळ?

कुठे बसून लिहितेय हे ऐकशील तर हसशील. आमच्या वाचनालयात, मासिकांच्या दालनामागे एक खोली आहे, कपाटाला खोली म्हणायचं असेल तर. भिंतींना आतून स्पंज लावलाय. एक टेबल, एक माइक, एक खुर्ची आणि दाराला हातभर काच. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, बाईला कोंडून घातलंय. काचेपलीकडच्या बाकावर तुझा दादा बसलाय. मी मान खाली घालून लिहितेय म्हणजे वाचायची तयारी करतेय, असा त्याचा समज आहे. मधूनच हात हलवतो. मीही हलवते.

आता हे तुला सांगताना मला ओशाळल्यासारखं होतंय, कारण तू माझी मैत्रीण आधी आणि नणंद नंतर असलीस, तरी तो तुझा दादा आहे. तुझ्या घरी अभ्यासाला यायचे तेव्हा जिन्यात भेटला की भिंतीला चिकटून उभा राहायचा. तू त्यावरून माझा केवढा जीव खाल्लास. त्या बुजऱ्या मुलाबद्दल आज मी तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आलेय, आणि गाऱ्हाणं काय, तर तो माझ्यापासून लांब जातच नाही. बायका हे ऐकून मला वेड्यात काढतील. विणकामाच्या गटातल्या एकीने तर तोंडावर सांगितलं, नशीब काढलंत हो, आमच्याकडे तर विचारपूसदेखील नाही. मी हसले. दुसरं काय करणार?

तुला माहीतच आहे, तुझी आई अंथरुणाला खिळल्यावर मी शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडली आणि घरात अडकले. वाईट वाटून घेऊ नकोस. आईंचं मी मनापासून केलं आणि त्यांनीही मला शेवटपर्यंत लेकीसारखं वागवलं. पण पिटुकले, ती खोली, ते औषधांचे वास, खिडकीतून दिसणारी ती समोरच्या इमारतीची भिंत. त्या भिंतीवरचा प्रत्येक ओघळ मला पाठ झाला होता. आई गेल्या तेव्हा मी रडरड रडले आणि त्या रडण्याच्या तळाशी एक चोरटा विचार होता, की आता मी बाहेर जाईन. एकटी. कुणाला न सांगता, कुणाच्या वेळेकडे न बघता. तो विचार माझा मलाच इतका निर्दय वाटला, की मी तो कुणाजवळ बोलले नाही. आणि त्याच सुमाराला तुझा दादा निवृत्त झाला.

त्याने आयुष्यभर आगारात बसून काय केलं? ड्रायव्हर-कंडक्टरच्या जोड्या लावल्या. हा त्याच्याबरोबर, तो ह्याच्याबरोबर. एक आला नाही तर दुसरा बाकावर बसून. जोडी लागल्याशिवाय गाडी सुटायची नाही, हे त्याचं आगारातलं वाक्य. ते त्याने पेटाऱ्यात घालून घरी आणलं. मी वाचनालयात मोठ्यांसाठी विणकामाचा गट आहे असं वाचून निघाले, तर हा चपला घालून दारात उभा. कुठे, असं विचारलं तर म्हणाला, "जोडी लागल्याशिवाय गाडी सुटते का कधी?" मला तेव्हा हसू आलं होतं गं. गोडच वाटलं होतं.

तो विणायला शिकला. माझ्याआधी शिकला. माझा मफलर एका बाजूने रुंद होत गेला आणि त्याचा कसा सरळ, पट्टी लावल्यासारखा. बायका त्याच्याभोवती टाके विचारायला जमायच्या. म्हटलं, ठीक आहे, ह्याला इथे रमू दे, आपण दुसरीकडे जाऊ. मी चित्रकलेत नाव घातलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाई म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांचंही घातलंय, काळजी करू नका. जणू मी काळजीतच होते. संगणकाच्या वर्गात आम्हा दोघांत एक कीबोर्ड. अक्षरं तो दाबायचा आणि मला म्हणायचा, बघ, आलं की नाही तुला.

पण खरं सांगू, जीव गुदमरला तो वाचनगटात. महिन्यातून एकदा सगळे एकच पुस्तक वाचून येतात आणि गोल बसून बोलतात. ती माझी हौस. शाळेत असल्यापासूनची, तुला ठाऊक आहे. त्या महिन्याच्या पुस्तकाचा शेवट वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले होते. इतका खरा वाटला मला तो. गटात ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्हाला काय वाटलं? मी शब्द जुळवतेय तोवर शेजारून उत्तर आलं, "आम्हाला शेवट काही पटला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चर्चा पुढे गेली. आम्हाला! मी तिथेच बसलेले होते, पुस्तक मांडीवर घेऊन. त्या 'आम्ही'त मी कुठे होते ते मला शोधूनही सापडेना. घरी जाताना मी विषय काढला, तर तो मनापासून चकित झाला. म्हणाला, अगं, पण आपण बोललो होतो ना. बोलला होता तो. मी ऐकलं होतं.

त्याच्या मनात काडीचं वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. दुष्ट माणसाशी भांडता येतं. हा माझी पिशवी धरतो, रस्ता ओलांडताना कोपर धरतो, चहात साखर नको म्हणून माझ्या वतीने सांगतो. मला साखर हवी असते. आणि घरात तरी कुठे सुटका? मी स्वयंपाकघरात की हा दारात. मी बाल्कनीत की हा खुर्ची घेऊन तिथे. न्हाणीघरात उगाच नळ सोडून उभी राहायला लागले, तर बाहेरून हाक, बरं आहे ना गं? आईंच्या आजारपणात निदान मला ठाऊक होतं की मी का अडकलेय. आता दारं सगळी उघडी आहेत आणि मी जागची हलू शकत नाही. कधी कधी त्याचा पायरव ऐकला की मला भय वाटतं. जो माणूस मला आजवर एक वाकडा शब्द बोलला नाही, त्याच्या पावलांचं.

मग ही खोली मिळाली. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी वाचनालय पुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवतं आणि त्यासाठी वाचणारी माणसं हवी होती. आम्ही दोघं गेलो, अर्थात. ग्रंथपाल बाईंनी दार उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, इथे एका वेळी एकच बसतो. तुला सांगते, असं सुंदर वाक्य मी किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आत गेले, दार लागलं आणि सगळं बंद झालं. रस्ता नाही, पंखा नाही, "अगं" नाही. माझा स्वतःचा श्वास ऐकू आला. मी एक छोटी गोष्ट वाचली. कुठे थांबायचं ते मी ठरवलं. बाहेर आले तर तुझा दादा उठून उभा. म्हणाला, ऐकू काहीच आलं नाही, पण तोंडावरून छान चाललं होतं.

पुढे मी आणखी गोष्टी वाचल्या. ऐकणाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी निरोप पाठवला, ह्या बाई घाई करत नाहीत, ह्यांनाच मोठं पुस्तक द्या. आणि बाईंनी मला एक जाडजूड कादंबरी दिली. एका बाईने स्वतःची हकीकत सांगितलीय त्यात, सगळी 'मी' म्हणून. मी उठले, मी गेले, मला वाटलं. वाचून व्हायला महिनोन् महिने लागतील. महिनोन् महिने ह्या खोलीत, मी मी म्हणत! मी ते पुस्तक छातीशी धरून घरी आले.

तुझ्या दादाने ते वाचून काढलं. आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन इथे आला, खोली मोजली, आणि बाईंना दाखवून दिलं की टेबल जरा सरकवलं तर दुसरी खुर्ची बसते. म्हणाला, ह्यात पुरुषांचे संवादही आहेत ना, नवरा आहे, सासरा आहे, ते मी वाचेन, ऐकणाऱ्यांना मजा येईल. बाई चांगल्या आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, वाचणार तुम्ही आहात, शुक्रवारी मला सांगा, एकटी की जोडी.

त्या संध्याकाळी मी धीर केला. ताटं उचलता उचलता म्हटलं, "मी एकटी वाचणार." त्याने टेप गुंडाळत गुंडाळत विचारलं, "मग मी कुठे बसू?"

रागाने नाही गं. टोमणाही नाही. एखाद्याने खरोखर जागा विचारावी तसं. मला तोवर वाटत होतं की तो मला धरून ठेवतोय. त्याचं तोंड बघून कळलं की त्याच्याकडे धरायला दुसरं काही नाहीच आहे. आगार गेलं, आई गेल्या. तो बुजरा मुलगा भिंतीशी तसाच उभा आहे आणि ती भिंत मी आहे. पुढचे दोन दिवस तो कुठे गेला नाही. कपडे करून खिडकीशी बसून राहिला. शेवटी मीच म्हणाले, बरं, वाचा तुम्ही पुरुषांचं. तर असा खुलला की काय सांगू. तेव्हापासून आरशासमोर सासऱ्याचा आवाज काढतोय.

आणि आज शुक्रवार. तो मासिकं चाळत होता तेवढ्यात बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी 'जोडी' म्हणायलाच गेले होते, देवाशपथ. तोंडातून निघालं, एकटी. बाईंनी तसं लिहूनसुद्धा घेतलं. मी ते परत घेतलं नाही, पिटुकले, आणि घेणार नाही. त्याला अजून ठाऊक नाही. दुसरी खुर्ची आली की आत बोलावतील अशा समजुतीने काचेपलीकडे पुस्तकाची दुसरी प्रत उघडून बसलाय आणि ओठ हलताहेत त्याचे. नवऱ्याचं बोलणं पाठ करतोय.

म्हणून हे पत्र. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज मागतेय. तुझ्या घराचं काम निघालंय, गवंडी-सुतार येणार आहेत, आणि कोण कुणाबरोबर कधी येतं ह्याचा पत्ता नाही म्हणून तू वैतागली आहेस. तुझ्या दादाला बोलाव. त्याला तिथे दिवसभर काम आहे आणि बसायला जागा आहे, आणि तू अशी बहीण आहेस की जी त्याला बोलूही देईल आणि गप्पही करील. महिनाभर ठेव, जमलं तर जास्त. इथलं मी त्याला आज घरी गेल्यावर सांगणार आहे, ते तुझ्यावर टाकत नाही. पण ते ऐकल्यावर त्याला कुणीतरी बोलावतंय हे कळायला हवं. तू दर वेळी मोबाईलवर 'या' असं लिहितेस आणि आम्ही दोघं बॅगा भरतो. ह्या खेपेला काना काढून टाक आणि वर एक मात्रा दे. 'दादा, ये' एवढंच लिही. पत्र मिळेल त्याच दिवशी लिही.

तुझीच,
शिडी