पदराखालची गाठ

रविवार, १३ मार्च १९६६. संध्याकाळ.

आजच्या कार्यक्रमाचा अहवाल:

१. इथे कानडी मुलखात, आमच्या पेठेतल्या मराठी महिला मंडळात डॉ. सत्यवतींचं भाषण झालं. विषय: बायकांना होणारा कॅन्सर आणि तो लवकर ओळखण्यासाठी घरच्या घरी स्वतःची तपासणी.
२. डॉक्टर मद्रासच्या, शिकून आल्या इंग्लंडहून. भाषण इंग्रजीत. मराठी मी केलं.
३. रोग ज्या अवयवाचा, त्याचं नाव डॉक्टर सारखं घेत होत्या. तिथे मी प्रत्येक वेळी ‘पदराखाली’ म्हटलं. अर्थाला बाध आला नाही.
४. कोणी उठून गेलं नाही.
५. टाळ्या. मग भजी.

तिसऱ्या मुद्द्यावर कोणी आक्षेप घेतलाच, तर उत्तर तयार आहे. समोर आई बसली होती. शेजारी मंडळाच्या जुन्या सेक्रेटरी भागुबाई. दारात त्रिविक्रम आचारी झारा घेऊन उभा. अशा परिस्थितीत तो शब्द वापरणं अचूक ठरलं असतं, योग्य ठरलं नसतं.

डॉक्टर बराच वेळ समजावत होत्या. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, बोटं सपाट ठेवून, हलक्या हातानं गोल गोल फिरवत, काखेपर्यंत. तरुण मुलींनीसुद्धा. मी म्हटलं, न्हाणं झालं की पदराखाली बोटं गोल फिरवून गाठ बघायची. आटोपशीर वाक्य. फॅक्टरीत मेजरमेंट रूममध्ये तीन वर्षं काढल्याचा हा फायदा.

निश्चय: दर महिन्याच्या एक तारखेला मीही तपासणी करीन.

शुक्रवार, १ एप्रिल.

तपासणी झाली नाही. न्हाणीघराची कडी सैल आहे. साधन सदोष असताना माप घेऊ नये हा नियमच आहे. सुताराला निरोप धाडला.

रविवार, १७ एप्रिल.

मंडळात चैत्राचं हळदीकुंकू. गुळाचं पानक फार गोड, भिजवलेल्या डाळीची कोसंबरी बरी.

महत्त्वाचं निरीक्षण: निम्म्याहून जास्त बायकांच्या पदराच्या टोकाला गाठ होती. आठवण राहावी म्हणून आपल्याकडे पदराला गाठ मारतात, तशी. म्हणजे दर महिन्याच्या तपासणीची आठवण! हे मी सुचवलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. एका भाषणाचा एवढा परिणाम मला अपेक्षित नव्हता. (थोडा होता.)

आमच्या वैनीच्या पदराला मात्र गाठ दिसली नाही. वैनी म्हणजे अण्णाची बायको, अनुसूया. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, सव्वीसची. चार वर्षांच्या लेकीच्या, प्रतिमेच्या मागे धावण्यात तिचा दिवस जातो. विसरली असणार. घरच्याच माणसाला किंमत नसते.

बुधवार, १ जून.

कडी बसली. पण आज ओव्हरटाइम. शिवाय मी चोवीस वर्षांची, प्रकृती उत्तम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या माणसाला स्वतःत काही असलं तर ते जाणवणारच.

रविवार, १२ जून.

एक अडचण.

देवळात भागुबाई भेटल्या. पदराची गाठ दाखवत म्हणाल्या, अगं वसू, तुझं व्रत सोडलं नाही हो मी. मी विचारलं, कसलं व्रत? तर म्हणाल्या, असं काय करतेस? न्हाणं झालं की हळकुंड घ्यायचं, पदराच्या टोकात ठेवायचं, बोटांनी गोल गोल फिरवून गाठ मारायची. अनंताच्या दोऱ्यासारखंच की. पदराला गाठ असली की तो मेला रोग अंगाला शिवत नाही. आपल्या मंडळातल्या कावेरीनं मागच्या महिन्यात आळस केला, तर चार दिवस तापानं पडली.

मी म्हटलं, हे कोणी सांगितलं?

म्हणाल्या, तूच की! डॉक्टरीणबाईंचं इंग्रजी आम्हाला काय कळतंय. तू सांगितलंस म्हणून सगळ्यांना पटलं. मागच्या रांगेत भज्यांच्या चुरचुरीत ऐकू येत नव्हतं, त्यांना मी समजावलं.

मी सरी, बरं, म्हटलं आणि प्रदक्षिणेला वळले. एक जास्तच घातली.

विचार केला. माझं वाक्य निर्दोष होतं. ‘पदराखाली’ आणि ‘पदराला’ यांत स्पष्ट फरक आहे. दोष ऐकणाऱ्यांचा. तरी दुरुस्ती करायला हवी. पुढच्या सभेत उभी राहून शांतपणे, योग्य शब्द वापरून सांगीन.

रविवार, १० जुलै.

सभा झाली. दुरुस्ती झाली नाही. त्रिविक्रम आचारी पैसे मागायला आला तो ठाण मांडून बसला. त्याच्यासमोर योग्य शब्द कसा वापरणार?

मधल्या काळात हळदीनं नुकसान तर काही नाही.

मंगळवार, १९ जुलै.

आज स्पिंडलची अख्खी बॅच परत पाठवली. व्यास केसभर जास्त. फोरमन हयवदनराव हात जोडून म्हणाले, अम्मा, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, थोडं चालवून घ्या, कोणाला कळणार आहे? मी सांगितलं, चालवून घ्यायचं असेल तर मापं घेताच कशाला? ते गेले. खोलीत मी एकटीच उरले. मग चहा नको वाटला. कारण कळलं नाही.

सोमवार, १ ऑगस्ट.

पदराच्या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय स्वतःची तपासणी करणं मनाला पटत नाही. दोन्ही एकदमच करीन.

रविवार, २१ ऑगस्ट.

आजचा दिवस चांगला गेला. बऱ्याच दिवसांनी कोणाच्या उपयोगी पडले.

आई झोपली होती. वैनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मला हळूच हाक मारली. म्हणाली, वसू, ती तू सांगितलेली गाठ आहे ना, ती मलाही आहे गं. दोन महिने झाले, जातच नाही.

उशिरा का होईना, वैनीनंही मनावर घेतलं तर! मी विचारलं, घट्ट आहे का? म्हणाली, हो, चांगली घट्ट. दुखत नाही पण.

गाठ कशी दुखेल? वैनी भोळी आहे. मी म्हटलं, ओढाताण करू नकोस. तेलाचं बोट फिरव, सैल पडेल. नाहीच पडली तर असू दे तशीच. भागुबाईंची बघ, मार्चपासून आहे.

वैनीचे हात सुपातच थांबले. म्हणाली, भागुबाईंना पण आहे?

म्हटलं, मंडळात सगळ्यांना आहे. तूच राहिली होतीस.

त्यावर ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी उगाच घाबरले गं, मला वाटलं मला एकटीलाच. अण्णांनासुद्धा बोलले नाही. मग माझ्या हातावर थोपटून तिनं मला गुळाचा खडा दिला.

मुद्दाम नोंद: तांत्रिक सल्ला थोडक्यात द्यावा. लोकांना धीर येतो.

रविवार, १८ सप्टेंबर. गणेश चतुर्थी.

वैनी खुशीत. नैवेद्याचे कडबू वळताना गात होती. न्हाणीघरातली खोबरेलाची वाटी सारखी रिकामी होते म्हणून आई कुरकुरते. एका गाठीला इतकं तेल कशाला, कळत नाही. पण सल्ला पाळतेय हे खरं.

रविवार, २ ऑक्टोबर.

वैनी प्रतिमेला घेऊन धारवाडला माहेरी गेली. दिवाळीपर्यंत तिथेच. अण्णा ऑडिटच्या दौऱ्यावर गुलबर्ग्याला. घरात मी आणि आई. शांतता. या महिन्यात भागुबाईंचं प्रकरण नक्की मिटवायचं.

रविवार, ९ ऑक्टोबर.

भागुबाई स्वतःच आल्या, तक्रार घेऊन. आईला म्हणाल्या, तुमची सून शिकलेली, म्हणून आम्हाला हसते. आई म्हणाली, काय केलं तिनं?

जसं बोलल्या तसं लिहिते. म्हणाल्या, सगळ्या बायका गाठ मारतात, ही एकदाही मारत नाही. श्रावणाआधी मी विचारलं, तर मला शिकवते. म्हणते, भागुअक्का, वसूनं सांगितलं ते साडीच्या पदराचं नव्हे हो, आतल्या अंगाचं. हातानं चाचपून बघायचं असतं, मी दर महिन्याला बघते. मी म्हटलं, मग काय सापडलं तुला, माणिक-मोती? तर तोंड मिटून उठून गेली. सांगा आता, नणंदेचं व्रत आणि घरातलीच सून मोडते!

आई हसली. मी कॉफी आणते म्हणून आत आले. दूध उतू गेलं.

वैनीच्या पदराला गाठ नव्हती. कधीच नव्हती.

तिला कळलं होतं. पूर्ण मंडळात तिला एकटीला. माझं ते आटोपशीर वाक्य ऐकूनही.

घट्ट. दोन महिने. दुखत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. हे वाक्य मी मराठीत केलं होतं का? आठवत नाही.

आठवतं. नव्हतं केलं. भजी गार होत होती.

सोमवार, १० ऑक्टोबर.

सकाळी स्वतःला सांगून पाहिलं की डॉक्टर असंही म्हणाल्या होत्या, बहुतेक गाठी साध्या असतात. हे वाक्य मला शब्दशः आठवतं. सोयीची वाक्यं बरी आठवतात.

मग अर्धा दिवस रजा टाकून डॉ. सत्यवतींच्या दवाखान्यात गेले. नर्सनं विचारलं, काय होतंय? मी म्हटलं, मला नाही, वैनीला, पदराखाली. ती तमिळ. तिला काही कळलं नाही. मागे बाकावर पुरुष बसले होते. मी तो शब्द म्हटला. आधी इंग्रजीत, मग कन्नडात. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. सात महिने मी याच क्षणाला भीत होते.

डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या बाजूला? माहीत नाही. केवढी आहे? माहीत नाही. हलते की नाही? माहीत नाही. रोज मी केसाच्या जाडीहून बारीक मापं घेते, ते त्यांना मार्चमध्ये अभिमानानं सांगून झालेलं होतं. त्यांनी विचारलं, मग तुम्ही तिला काय सांगितलंत?

तेल लावायला, म्हटलं. आणि सगळ्यांनाच असते म्हणून.

त्या रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, साधी असू शकेल, नसूही शकेल. हात लावल्याशिवाय मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगायला नको होतं. तिला लवकर आणा. पुढच्या सोमवारची वेळ दिली.

घरी आल्यावर न्हाणीघराची कडी लावून माझी तपासणी केली. कठीण काही नाही. हाताला काही लागलं नाही. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली.

मंगळवार, ११ ऑक्टोबर.

तार करणार होते. पण तार म्हटली की धारवाडला आधी रडतील, मग वाचतील. (हे कारण खरं आहे. तपासून पाहिलं.)

म्हणून एक्स्प्रेस पत्र. पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘ऑगस्टमधील आपल्या संभाषणात थोडी संदिग्धता राहिली.’ फाडला. दुसऱ्यात लिहिलं, ‘तुझा थोडा गैरसमज झालेला दिसतो.’ तो जास्त बारीक फाडला. तिचा गैरसमज झालाच नव्हता.

पाठवलं ते असं:

अनुवैनी,

ऑगस्टमध्ये तू मला गाठीबद्दल विचारलंस. मला वाटलं, तू साडीच्या पदराच्या गाठीबद्दल बोलते आहेस. तू आपल्या अंगाबद्दल बोलत होतीस हे मला परवा कळलं. भागुबाईंना तसली गाठ नाही. मंडळात कोणालाच असल्याचं मला माहीत नाही. त्यांच्या पदरात हळकुंडं आहेत. तेही माझ्यामुळेच.

तुझ्या स्तनात गाठ आहे. दुखत नसली तरी ती डॉक्टरांना दाखवायला हवी. बहुतेक गाठी साध्या असतात, पण तुझी साधी आहे की नाही ते त्यांनी तपासून सांगायचं. मी न बघता सांगितलं. तेल लावणं बंद कर. तू सगळं बरोबर केलं होतंस. वेळेवर बघितलंस, वेळेवर सांगितलंस. ज्या माणसाला सांगितलंस ते चुकीचं निघालं.

अण्णांना गुलबर्ग्याला मी आजच वेगळं लिहिते आहे. आईला आज सांगते. शब्द न बदलता सांगते.

डॉ. सत्यवतींनी सोमवार, १७ तारखेला सकाळी दहाची वेळ दिली आहे. मी रजा काढली आहे, सोबत येईन. नवरात्र बसलेलं असेल, तुझ्या आईंना आवडणार नाही, हे माहीत आहे. त्यांना माझं नाव सांग. प्रतिमेला तिथेच ठेवलंस तरी चालेल.

रविवारी सकाळी इथे पोचेल अशा गाडीनं निघतेस का, एवढंच हवं आहे. शुक्रवार, १४ ऑक्टोबरपर्यंत तारेनं उत्तर पाठव.

वसुमती