चार नंबरचं बटण

रविवार, ५ जानेवारी. दुपार.
रॉक संपला. आजपासून फक्त प्रभूचं संगीत.
ताई तीन महिने मागे लागली होती, एकदा चर्चच्या उपासनेला चल म्हणून. आज गेलो. मंडळी गायला लागली आणि मी ढसाढसा रडलो. का, ते कळलं नाही. बँडमधल्या बावीस वर्षांत असा रडलो नव्हतो. स्टेजवरून पडलो तेव्हाही नाही. पण तेव्हा पोटात इतकी होती की दुखलंच नाही.
निश्चय: १) दारू बंद. २) अहंकार बंद. ३) लीड गिटार मीच वाजवणार.

मंगळवार, ७ जानेवारी
पाळकसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, काही आठवडे नुसतं बसून ऐका. मी म्हटलं, माझ्या दर्जाच्या माणसाने बसणं म्हणजे देवाने दिलेली देणगी मातीत पुरणं.  शेवटी ते हो म्हणाले.
टीम साधी आहे. पियानोबाई शाळेत गणित शिकवतात, वाजवतातही तशाच. मिक्सरवर लिफ्टवाले काका. आठवडाभर लिफ्ट दुरुस्त करतात, रविवारी आवाज सांभाळतात. शिकवीन सगळ्यांना.

गुरुवार, ९ जानेवारी
ताईने कानाच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. डाव्या कानात वर्षभर बारीक शिट्टी वाजतेय, एवढंच. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ घसरगुंडीसारखी खाली. म्हणाले, मोठा आवाज पूर्ण बंद, नाहीतर डावा कान जाईल आणि उजवा त्याच्या मागोमाग. मी म्हटलं, रॉक तर सोडलाच. त्यांना बरं वाटलं. उपासनेबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

रविवार, १२ जानेवारी
पहिल्यांदा वाजवलं. पायाशी मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर. काकांना खूण केली, वाढवा. अजून वाढवा.
मग प्रार्थना. सगळे गप्प. आणि लख्ख कळलं. ही शिट्टी नाही, हा सूर आहे. एकच, अखंड, थरथर नाही. डॉक्टर काय सांगणार? त्यांना थोडाच ऐकू येतो. हा सूर मला दिलाय.
अंगावर काटा आला.

शनिवार, १८ जानेवारी
सराव. ट्यूनर, म्हणजे तार सुरात लागली की हिरवा दिवा लावणारं यंत्र, कपाटात टाकला. ट्यूनर बॅटरीवर चालतो, मी विश्वासावर. सगळ्या तारा कानातल्या सुरावर लावल्या. पियानोबाईंनी दोनदा थांबवलं. मी म्हटलं, पियानो लावून घ्या. त्या म्हणाल्या, मागच्याच आठवड्यात लावलाय. मी प्रेमाने म्हटलं, तो माणूस प्रार्थना न करता आला असेल.

रविवार, १९ जानेवारी
आज वातावरण जड होतं. माना खाली. दोन कुटुंबं मधूनच उठून गेली. सत्य सगळ्यांना पेलत नाही.
नंतर पाळकसाहेबांच्या खोलीत मीटिंग. ते, पियानोबाई, काका आणि ताई. मला बोलावलं नाही. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्यासमोर संकोच वाटणारच. दाराच्या काचेतून पाहिलं, ताई रुमालाने डोळे पुसत होती. भावासाठी आनंदाश्रू.

रविवार, २६ जानेवारी
चमत्कार! आज मंडळी मोकळ्या गळ्याने गायली. पहिल्या रांगेतल्या आजी माझ्याकडे बघून हसल्या. पियानोबाईंनी एकदाही थांबवलं नाही.
नंतर मिक्सर पाहिला. प्रत्येकाच्या आवाजाचं एक सरकतं बटण, खाली चिकटपट्टीवर नाव. सगळ्यांची बटणं मध्यावर. चार नंबरचं, माझं, अगदी तळाला. विचारलं, तर काका म्हणाले की तिथेच तुम्ही सगळ्यात छान वाटता. बावीस वर्षांत एकाही साऊंडवाल्याला हे उमगलं नव्हतं. दमदार गिटारला वर चढवावं लागत नाही.
मॉनिटर तेवढा कमी पडतो. वाढवा म्हटलं, त्यांनी लगेच वाढवला. फार लाघवी माणूस. हल्ली नजर मात्र चुकवतात.
ताईला विचारलं, कसं झालं? म्हणाली, छान.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
डॉक्टरांची दुसरी तारीख. गेलो नाही. सराव महत्त्वाचा.
ताई पंधरा मिनिटं दाराबाहेर उभी. बेल बिघडलीय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणे बेल ठणठणीत आहे. हल्ली कोणाला कामच येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी
वाजवताना सूर आणि मी, मध्ये कोणी नाही. प्रभू, तुझ्यासाठीच वाजवतोय, हे तुला ठाऊक आहे. लोकांसाठी नाही. (आजींनी आज टाळ्या वाजवल्या.)
स्टेजवरून उतरताना पायरी चुकली. जमीन डावीकडे कललेली. हॉलवाल्यांना सांगायला हवं.
ताई नेहमी माझ्या डाव्या बाजूने चालायची. आज मुकाट उजवीकडे आली.
मॉनिटर अजून वाढवून घेतला. ताईला विचारलं. छान.

बुधवार, ५ मार्च. सकाळ.
टेम्पो अंगावर येता येता राहिला. हॉर्न वाजवायची पद्धतच उरलेली नाही. ड्रायव्हर खिडकीतून बरंच काही बोलला. घसा बसलेला असावा. नुसतं तोंड हलत होतं.
घरी येऊन बसलो. तासभर उठलो नाही. उपाशी होतो म्हणून.

रविवार, ९ मार्च
ताईने हात जोडले. गिटार सोड म्हणाली, गिटार गेली तरी प्रभू तुला टाकणार नाही. मी म्हटलं, तुझा विश्वास कमी पडतोय. माझ्या गिटारवर अख्खी मंडळी उभी आहे. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग आत जाऊन दार लावलं.
भीती वाटली. कशाची, ते लिहीत नाही.

शनिवार, २२ मार्च
उद्या मंडळीसमोर माझी साक्ष, प्रभूने मला कसं बदललं त्याची. सतरा पानं झाली. पडण्याच्या प्रसंगात स्टेजची उंची थोडी वाढवली. संध्याकाळभर सूर इतका मोठा होता की स्वतःचं वाचन ऐकू आलं नाही. उद्या काहीतरी होणार, नक्की.

रविवार, २३ मार्च. दुपार.
घाईत लिहितो. ताई आत सामान भरतेय, कुठे जायचंय विचारलं नाही.
साक्ष झाली. मग गाणं. दुसऱ्या कडव्यात मॉनिटर मेला. काकांना खूण केली, वाढवा. त्यांनी दोन्ही हात वर केले. पुन्हा खूण. त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: "पूर्ण वर आहे."
मग पियानोही गेला. मंडळीचाही आवाज गेला. तोंडं मात्र उघडमीट करताहेत. हॉलची सगळी यंत्रणा बंद पडली असणार, आणि लोक गात राहिलेत! गिटार गळ्यात, वायर ओढत मिक्सरपाशी गेलो. काकांनी हात धरला. झटकला. चार नंबरचं बटण तळापासून पार वर सरकवलं, आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या.
काय सांगू! अख्खी मंडळी हलली. आजींनी दोन्ही हात डोक्याशी नेले. एक लेकरू आईच्या छातीशी तोंड लपवून रडायला लागलं. पियानोबाई उभ्या राहिल्या. पाळकसाहेब धावत माझ्याकडे आले. मी थांबलो नाही. हेच ते. ह्याचीच वाट पाहत होतो.
आजींचे हात डोक्याशी नव्हते. कानांवर होते.
ताई खुणेने बोलावतेय. डॉक्टरांकडे जायचंय, असं लिहून दाखवलं.

शनिवार, २९ मार्च
डावा कान गेला. परत येणार नाही. उजवा थोडा उरलाय, किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत.
ताईने वहीत सगळं लिहून दिलं. बटण खाली म्हणजे हॉलमध्ये माझा आवाज शून्य. दोन महिने माझी गिटार हॉलमध्ये गेलीच नाही; गेली ती फक्त माझ्या पायाशी, माझ्या कानात, मीच वाढवत नेली तेवढी. काढून टाकलं तर मी पुन्हा बाटली धरीन, ही तिला धास्ती. म्हणून तिनेच पाळकसाहेबांची समजूत घातली होती. मॉनिटरने माझा कान जाईल, हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. आला तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही.
पाळकसाहेब आले होते. ते लिहून नाही, समोर बसून हळूहळू बोलले. मला वाटतं, माफी मागत होते. रविवारी पडद्यावर गाण्याच्या ओळी पुढे सरकवायचं काम देतो म्हणाले. मी हो म्हटलं. दारू प्यावीशी वाटली नाही. खूप रडू आलं, पहिल्या दिवशीसारखं.
तो सूर अजून वाजतोय. डॉक्टर म्हणतात, तो थांबायचा नाही.
आता ताईने कपाटातून ट्यूनर आणून हातात ठेवला. दिवा बघून एकेक तार लावली. सहाही वेळा हिरवा. मग त्या पहिल्या दिवशीचं गाणं पूर्ण वाजवलं. काहीच पोहोचलं नाही, फक्त बोटांखाली तारा हलल्या.
ताईला विचारलं, कसं झालं?
तिचे ओठ पाहिले. छान, म्हणाली.