सदतिसाव्या वर्षी पहिला क्लब

उस्ताद,

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, आणि ज्या हिंदी-उर्दूच्या खिचडीत आपण बोलायचो ती मला नीट लिहिता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहितोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कुठल्याही भाषेत लिहिलं तरी आता काय फरक पडणार, हे मला कळतं. पण गेल्या आठवड्यात तुमच्या मुलीचा मेल आला, आणि तेव्हापासून मी ऑफिसात स्क्रीनकडे नुसता बघत बसतो. इथे न्युरेम्बर्गला माझ्या टीममधल्या पोरांना वाटतं, साहेब डिझाइन तपासतायत. साहेब थकलेत, बाकी काही नाही. मुलीने जे विचारायचं ते सरळ विचारलंय. कायझर्सलाउटर्नजवळच्या आपल्या त्या गावातल्या क्लबची एक पुस्तिका निघतेय, जुन्या खेळाडूंवर चार-चार ओळी, आणि तुमच्यावरच्या ओळी तिला लिहायच्या आहेत. "पप्पांचा क्लबचा फॉर्म तुम्ही भरला होता," तिने जर्मनमध्ये लिहिलंय, "त्यात 'नाही' लिहायला त्यांनी सांगितलं होतं, की ते तुम्ही लिहिलंत? मला एवढंच कळायला हवं."

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल तर ती माझ्या ताटामुळे. मी पीएचडीसाठी नुकताच आलो होतो आणि युनिव्हर्सिटीच्या मेन्सात, म्हणजे कँटीनमध्ये, रोज दुपारी अर्धं जेवण टाकायचो, कारण त्या उकडलेल्या बटाट्यांचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. खरकटी ताटं पट्ट्यावर ठेवायची, पट्टा भिंतीतल्या फटीतून आत भांडी धुण्याच्या खोलीत जायचा. एके दिवशी माझं ताट आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. फटीतून एक ओला हात आणि त्यामागून आवाज: "खाना नहीं छोड़ते. पूरा करो." मागे रांगेत जर्मन मुलं थांबलेली, आणि मी तिथेच उभ्या उभ्या ते थंड बटाटे गिळतोय. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ताट चाटूनपुसून ठेवलं, तर आतून शाबासकी आली. पुढे कळलं की तुम्ही तिथे सहा वर्षं ताटं धूत होतात, आणि आपल्याकडचा चेहरा दिसला की त्याच्या ताटावर तुमचं बारीक लक्ष असायचं.

रविवारी दुपारी आम्ही देशी पोरं युनिव्हर्सिटीच्या मैदानावर फुटबॉल खेळायचो. खेळायचो म्हणजे काय, बॉलच्या मागे घोळक्याने धावायचो. एकदा तुम्ही आलात, मेन्सातले ते पांढरे रबरी बूट घालून, आणि गोलपासून दहा-बारा पावलांवर जाऊन उभे राहिलात. पळायला तयारच नाही. आम्ही हसलो. मग बॉल तुमच्याकडे आला आणि आत गेला. पुन्हा आला, पुन्हा आत गेला. पाचव्या वेळी कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून तुम्ही आमचे उस्ताद. मला तुम्ही 'डॉक्टर साब' म्हणायचात, डॉक्टरेट मिळायला अजून चार वर्षं असताना. माझ्यावर तुम्ही फार मेहनत घेतलीत आणि ती सगळी वाया गेली. गोलच्या तोंडाशी आलो की मी मान वर करून गोलपोस्टकडे बघायचो, त्यावर तुम्ही वैतागायचात. "पोस्ट कहीं भाग रही है क्या? वो वहीं रहेगी. हिलता कीपर है, उसको देखो." हे मी आजही नव्या इंजिनियरांना सांगतो, वेगळ्या शब्दांत. कोणाकडून शिकलो ते सांगत नाही.

खेळ झाला की पायरीवर बसून तुम्ही थोडंथोडं सांगायचात. तुमच्याकडे, सीमेपलीकडे, लीगमध्ये मोठे संघ क्लबांचे नव्हते, खात्यांचे होते. बँकेचा संघ, रेल्वेचा, पोलिसांचा, फौजेचा. गोल मारता येतात म्हणून एकोणिसाव्या वर्षी एका सरकारी खात्याने तुम्हाला कारकून करून घेतलं, खेळाच्या कोट्यातून. टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीवर तुम्ही फारसे कधी बसला नाहीत. तीन मोसम देशात सगळ्यांत जास्त गोल तुमचे. एकूण आकडाही तुम्ही सांगितला होता, आणि तो सांगताना आवाज अजिबात चढवला नव्हता. मग घोटा गेला, नवा साहेब आला, खुर्चीवर बसायची वेळ आली तेव्हा कळलं की खुर्चीवरचं काम कधी कोणी शिकवलंच नाही. सासरच्या माणसांनी इकडे बोलावून घेतलं. असं तुम्ही सांगितलंत. मी मान डोलावत ऐकायचो आणि मध्येमध्ये "वा उस्ताद" म्हणायचो.

वर्ल्डकप जर्मनीत व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या गावातल्या क्लबचा ट्रेनर आमचा खेळ बघायला थांबला आणि तुम्हाला म्हणाला, या. अगदी तळाची लीग, पण लीग. तुम्ही सदतीस वर्षांचे. त्या दिवशी तुम्ही घरी चालत गेलात, बस सोडून, असं तुमच्या बायकोने नंतर सांगितलं. क्लबने मलाही घेतलं, बेंचवर बसायला आणि तुमचं भाषांतर करायला. खेळायचं तर स्पीलरपास लागतो, म्हणजे खेळाडूचं ओळखपत्र, आणि त्याचा फॉर्म भरायचं काम ओघाने माझ्याकडे आलं. क्लबच्या खोलीत सेक्रेटरी, एक निवृत्त पोस्टमन, माझ्याशेजारी कॉफी पीत बसलेला. फॉर्मवर एक प्रश्न होता: खेळाडू पूर्वी परदेशातल्या संघाकडून खेळला आहे का? हो लिहिलं तर त्या देशाच्या फेडरेशनकडून सोडल्याचा कागद मागवावा लागणार. मोसम पंधरा दिवसांवर. सेक्रेटरी म्हणाला, "आल्झो, हे बघ, हो लिहिलंस तर कागद कधी येईल देव जाणे. नाही लिही. कोण तपासतंय?" मी तुमच्याकडे वळलो. इथे मला नीट आठवून लिहायला हवं. मी तुम्हाला म्हणालो, आधी खेळलात का असं विचारतायत. तुम्ही म्हणालात, "जो सच है वही लिखो, डॉक्टर साब." मी 'नाही'वर फुली मारली, कागद तुमच्यासमोर सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. तुम्ही वळणदार सही केलीत, कारकुनासारखी. जर्मन तुम्हाला वाचता येत नव्हतं.

पहिल्याच सामन्यात तुम्ही चार गोल मारलेत. तिसऱ्या सामन्यापर्यंत आजूबाजूच्या गावांतून माणसं बघायला यायला लागली, हातात बिअर घेऊन, न पळणाऱ्या माणसाला बघायला. ऑक्टोबरमध्ये मला शेवटची दहा मिनिटं मिळाली तेव्हा तुम्ही एकटे कीपरसमोर होतात, डोळे मिटून गोल होता, आणि तुम्ही बॉल बाजूला माझ्याकडे दिलात. आयुष्यात मी मारलेला तो एकच गोल. तुम्ही कधी कोणाला पास देत नाही, यावर सगळा संघ तुमची चेष्टा करायचा, त्यामुळे सगळ्यांनी मला सोडून तुम्हालाच मिठ्या मारल्या. त्या दिवसाइतका निव्वळ आनंद मला पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नाही, हे खरं सांगतो.

मग तो लेख आला. आपल्या भागातल्या पेपरात, खेळाच्या पानावर, फोटोसकट. सदतिसाव्या वर्षी पहिला क्लब, असं मथळ्यात. सेक्रेटरीने फॉर्म बघून माहिती दिली होती. ट्रेनर म्हणाला होता, सुरुवातीला याला ऑफसाइडसुद्धा समजावून सांगावा लागला, पण शिकण्याची तयारी मोठी. तुमच्या मुलीने तो लेख तुम्हाला वाचून दाखवला. तेरा वर्षांची होती, तुमच्याशी जर्मनमध्येच बोलायची, आणि लहानपणापासून तुमच्याकडून त्या तीन मोसमांच्या गोष्टी ऐकत आली होती. पुढच्या शनिवारी मैदानावर ती माझ्याजवळ आली. "श्टिम्ट दास?" हे खरं आहे का? "पप्पा आधी कधीच खेळले नाहीत?" मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हणालो, कागदावर तसंच आहे. ती "आखसो", अच्छा असं आहे तर, एवढंच म्हणाली आणि बसस्टॉपकडे निघून गेली. तुमचा सामना बघायला ती पुन्हा आली नाही.

सोमवारी मी मेन्सात ताट ठेवायला आलो तेव्हा तुम्ही आतून बाहेर आलात, पहिल्यांदाच. हात पुसत होतात. आता हा माणूस चारचौघांत ओरडणार म्हणून मी मनाची तयारी केली. तुम्ही म्हणालात, "'नहीं' लिखना था तो मुझसे पूछ तो लेते." एवढंच, आणि माझं ताट माझ्या हातातून घेऊन आत गेलात. मी कायद्याचं, मोसमाचं, व्हिसाचं काहीबाही बोलायची तयारी करून ठेवली होती, ती तशीच राहिली. आपण दुरुस्ती करू शकलो असतो. क्लबचे गुण गेले असते, तुमच्यावर काही महिन्यांची बंदी आली असती, मला चार बोलणी बसली असती. तुम्ही ती मागितली नाहीत आणि मी विषय काढला नाही. तो मोसम तुम्ही पुरा केलात. मग घोट्याचं कारण सांगून बूट ठेवून दिलेत. गोल मारल्यावर तुम्ही दोन्ही हात जरासे वर करायचात, ते लेखानंतर बंद झालं होतं. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

त्यानंतर चार वर्षांनी सकाळच्या पाळीला जाताना बसस्टॉपवरच तुम्ही कोसळलात आणि गेलात. मी तेव्हा इकडे नोकरीला लागलो होतो, ट्रेनने आलो. तुमच्या बैठकीच्या खोलीत पांढरी चादर, तिच्यावर खजुराच्या बियांचा ढीग, आणि भोवती बसलेली माणसं एकेक बी उचलून दुआ पुटपुटत बाजूला ठेवतायत. मला दुआ येत नव्हती, मी नुसत्या बिया सरकवत होतो. शेजारी ऑफनबाखहून ट्रक चालवत आलेला एक जाडजूड गृहस्थ होता. तो कोणालाच उद्देशून नाही असं बोलायला लागला. "मैं कीपर था. दूसरे महकमे का. एक मैच में इस आदमी ने मुझे पाँच मारे. हमारे साहब ने सोमवार को मेरा तबादला पहाड़ में कर दिया. दो साल बर्फ़ देखी मैंने इसकी वजह से." खोलीत दोघं-तिघं हसले आणि पुन्हा बिया उचलायला लागले. मग त्याने तुमचा आकडा सांगितला. तुम्ही मला पायरीवर सांगितला होतात तोच, एकानेही कमी-जास्त नाही. चहाचा ट्रे घेऊन तुमची मुलगी दारात उभी होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, ट्रे खाली ठेवला आणि आत गेली. मला वाटतं, मी तिथून निघालो तो न जेवता.

आता तिचा प्रश्न. 'नाही' लिहायला तुम्ही सांगितलं होतं, की माझं मीच लिहिलं? याचं उत्तर सोपं आहे आणि मी ते दिलं: मी लिहिलं, तुम्हाला न विचारता, मोसम तोंडावर होता, घाई झाली. यातलं शेवटचं खोटं आहे. घाई नव्हती, पंधरा दिवस होते, एक फॅक्स करून बघता आला असता. फुली मारताना माझा हात जराही अडखळला नाही, कारण तुमच्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता. मला वाटायचं, परदेशात ताटं धुणारा माणूस असं काहीतरी सांगणारच, सांगू दे बिचाऱ्याला. आणि कोट्यातून नोकरी, म्हणजे कोणाचा तरी वशिला असणार, खेळ किती होता देव जाणे. हे मी मनात म्हणत होतो, उस्ताद. राखीव जागेवरून इंजिनियरिंगला गेलेला मी. पहिल्या वर्षापासून ते इथल्या आपल्याच मंडळींच्या गणपतीच्या जेवणापर्यंत ज्याला लोक हसत हसत विचारत आले की खरे मार्क किती होते, तो मी. त्या प्रश्नाने काय होतं हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

हे तिला लिहायला मी दोनदा बसलो. जर्मनमध्ये दोन्ही वेळा पहिलं वाक्य जमलं, पुढचं नाही. शेवटी घाईचंच पाठवलं. तासाभरात तिचं उत्तर आलं, की इतकी वर्षं तिला वाटत होतं पप्पांनीच ते सगळं पुसून टाकायला सांगितलं असेल, त्यांना लाज वाटत असेल, आणि आता तिला हलकं वाटतंय. खरं सांगितल्याबद्दल तिने माझे मनापासून आभार मानलेत. मी ते आभार घेतले.