ठकीच्या पायाचे माप

मी, खाली सही करणारा, धंद्याने मापाचे बूट शिवणारा, वय एकसष्ट, दुकानाच्या मागच्या खोलीत बसून माझे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे, पोट नाही. दोन्हींबद्दल गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट मी हे लिहू नये म्हणून बायको आणि मुलगी या दोघींनी दोन दिवस अबोला धरला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरणाचा विषय इतका जवळ आला नव्हता.

कलम १. आधी आजाराचे लिहितो, म्हणजे मागाहून कोणी कोणाला बोल लावायला नको. बूट शिवताना कालबूत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम केलेला लाकडी साचा, पोटाशी दाबून धरावे लागते. आमच्या वडिलांचेही पोट दुखायचे. म्हणून माझे दुखू लागले तेव्हा मी पोटावर चामड्याचा जाड तुकडा बांधला आणि काम चालू ठेवले. असे सात महिने काढले. बायको रोज म्हणायची, "अहो, एकदा दाखवून तरी या." मी म्हणायचो, "धंद्याचं दुखणं आहे, धंद्याबरोबरच जाईल." जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पोचल्यावर कळला. केमोने काही दिवस आवरला, मग पुन्हा हातपाय पसरले. यात चूक माझी आहे, बायकोची तसूभरही नाही, हे तिने रोज सकाळी स्वतःला सांगावे.

कलम २. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी एका नव्या उपचाराच्या चाचणीबद्दल सांगितले. माझ्या गाठीचा तुकडा आणि रक्त तपासायचे, त्या गाठीच्या खुणा शोधायच्या आणि त्या ओळखून तुटून पडायला माझ्याच शरीराला शिकवणारी लस तयार करायची. तयार व्हायला दोन महिने लागतात, आणि ती फक्त माझ्यापुरती. मी विचारले, "उरली तर दुसऱ्या कोणाला देता येईल का?" त्या म्हणाल्या, "नाही हो, दुसऱ्याला तिचा उपयोग नाही." हे मला ताबडतोब पटले. एकाच्या मापाचे दुसऱ्याला बसत नाही, यावरच माझे घर चालले आहे. बाईंनी गोड बोलून गळ घातली नाही. औषध सोसते का हेच आधी पाहायचे असते, गुण येईलच असे नाही, असे त्यांनी तीनदा सांगितले. मी सही केली.

मुलीला हे मान्य नव्हते. तिला घरात ठकी म्हणतात, जरी ती आता शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांचा उंदीर होणार आणि आम्ही सुया मोजत बसायचं? त्यापेक्षा घरी राहा ना आमच्याजवळ." तिचे बोलणे चुकीचे नव्हते. म्हणूनच असे ठरवतो की, मला स्वतःला सांगता येईनासे झाले, तर चाचणी कधी थांबवायची ते ठकीने ठरवावे. जी पहिल्यापासून नको म्हणाली, ती उगाच ताणणार नाही. तिने थांबवली तर तिला कोणी शब्दाने दुखवायचे नाही. माझ्या गाठीचे नमुने आणि तपासण्यांचे कागद इस्पितळाने ठेवून घ्यावेत. लस कोणाला देता येत नाही, पण तिच्यापासून काही शिकता आले तर ते तरी वाया जाऊ नये.

कलम ३. वरच्या दोन खोल्या, खालचे दुकान आणि बँकेतली शिल्लक बायकोची. तिने ती मुलीसाठी राखून न ठेवता स्वतःवर खर्च करावी. पहिला खर्च चष्म्याचा.

कलम ४. पलीकडच्या इमारतीतले निवृत्त मास्तर गेली अठरा वर्षे तक्रार करतात की मी शिवलेला त्यांचा डावा बूट कुरकुरतो. मी तीनदा तळ बदलून दिला. कुरकुरतो तो बूट नव्हे, मास्तरांचा गुडघा. ते गिऱ्हाईक असल्यामुळे मी बोललो नाही. आता लिहून मोकळा होतो. त्यांच्यावर माझा राग नाही.

कलम ५. आता खरे कलम. ठकीचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड आहे. ती उभी राहायला लागली तेव्हापासून तिचा प्रत्येक बूट मी शिवला. उंची तळात अशी लपवली आहे की ती दिवसभर फळ्यापुढे उभी असते आणि वर्गात कोणाला पत्ता नाही. पण पाय वयाबरोबर बदलतो, त्यामुळे आत्ता दहा जोड शिवून ठेवले तरी उपयोग नाही. हे काम कोणाच्या तरी हातात द्यायला मला सहा महिने हवेत. चाचणीत गेलो तो त्यासाठी. जास्त मिळाले तर नाही म्हणणार नाही.

आणि असा हात या गावात एकच आहे, माझ्या धाकट्या भावाचा. त्याने समोरच तयार बुटांचे दुकान काढले आणि पहिल्याच दिवशी पाटी लावली, "मापासाठी थांबू नका." नऊ वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. पाटी माझ्या जिव्हारी लागली, हे इथे कबूल करतो. हेही कबूल करतो की त्याचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. वडील तसे म्हणायचे आणि मला ते आवडायचे नाही. वडिलांची रापी, आऱ्या, सगळी हत्यारे आणि भिंतीवरची सगळी कालबुते मी धाकट्याला देतो. अट एकच, ठकीचे बूट त्याने शिवावेत. माप तिला उभी करून घ्यावे, बसवून नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घ्यावे, कारण दिवसभर उभी राहून तिचा पाय फुगतो. जुने कालबूत टाकू नये, बदल होईल तिथे चामड्याचे पापुद्रे चिकटवून वाढवावे. मी राहिलो तर शेजारी बसून दाखवीन. नाही तर हे कलम आहेच.

पुरवणी, सही करण्यापूर्वी. साक्षीला दोन माणसे हवी होती. एक शेजारचे घड्याळजी आले. बायकोने मला न विचारता रस्ता ओलांडून धाकट्याला बोलावून आणले. तो दारात उभा राहून म्हणाला, "दादा, कुठे करू सही?" नऊ वर्षांनी हेच. कागद तपासायला बोलावलेले वकीलसाहेब म्हणाले, "यांना मिळकतीतून मिळतंय, यांची साक्ष नको. उद्या कोणी बोट ठेवेल."

"मला?" धाकटा म्हणाला. "मला काय मिळतंय?"

मी त्याला हत्यारांची ओळ वाचून दाखवली आणि ठकीच्या बुटांपर्यंत आलो. पुढे मला वाचवेना. धाकट्याने वडिलांची मापाची पट्टी खिळ्यावरून काढली आणि तो शाळेला निघालेल्या ठकीला म्हणाला, "ठके, उभी राहा. भिंतीला टेकू नको." मग फरशीवर गुडघे टेकून त्याने दोन्ही पायांची मापे घेतली, दोनदा. उठताना तिला म्हणाला, "हे सकाळचं झालं. शाळेतून आलीस की तशीच ये, संध्याकाळचं घेतो."

सकाळ-संध्याकाळची अट मी त्याला वाचून दाखवली नव्हती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि तो मला कबूल आहे.

सही: मापाचे बूट शिवणारा

आम्हा दोघांसमक्ष त्याने सही केली व त्याच्यासमक्ष आम्ही केली:
१. शेजारचे घड्याळजी
२. पलीकडचे निवृत्त मास्तर (धाकट्याच्या जागी. मजकूर वाचायला मागत होते, दिला नाही.)

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: लसीच्या पहिल्या डोसचा आदला दिवस, सकाळ