अप्पांच्या अभ्यासाला लावलेला पियानो

अप्पा, काल नातीनं मला एक काम सांगितलं आणि ते मला जमलं नाही. तिची परीक्षा जवळ आली आहे. वाचताना मागे मंद पियानो चालू असला की मन ठिकाणावर राहतं म्हणे. तिच्या फोनमध्ये तसल्या सुरांची रास पडली आहे. "आजी, तुझा कान चांगला, तूच एक निवडून दे," म्हणाली. मी दोन-तीन ऐकले, फोन परत दिला आणि म्हटलं, दुसऱ्या कुणाला विचार बाई, हे माझ्यानं होत नाही. तिला वाटलं, म्हातारीला यातलं काही कळत नाही. वाटू दे. जे तुम्हाला सांगायचं ते तिला सांगून काय उपयोग, म्हणून ही वही उघडली. आपल्या घरात मराठी बोलण्यापुरतीच होती, शाळा सगळी तमिळ. लिहायला मी लग्नानंतर, हाती येतील ती पुस्तकं वाचून, एकटीच शिकले. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

कुंभकोणमचं ते घर अजून डोळ्यांपुढे आहे. मी दहा वर्षांची. तुम्ही कचेरीतून येता, पाय धुता, कॉफी घेता आणि ओट्यावर कायद्याचं जाड पुस्तक उघडून बसता. खात्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेले आहात. तिसरी खेप शेवटची. त्यानंतर बसू देणार नाहीत, आणि वयानं लहान साहेबांपुढे जन्मभर उभं राहून कागद सरकवायचे. नेमका त्याच वेळी शेजारचा भांडी घडवणारा पितळेच्या पत्र्यावर हातोडी घालायला बसतो. दुसऱ्या कुणाला तो नुसता गोंगाट. पण तुम्ही दर एकादशीला विठ्ठलाच्या भजनात टाळ धरणारे. तुमच्या कानात गोंगाट शिरतच नाही, ताल शिरतो. पुस्तक डाव्या हातात, आणि उजवा हात मांडीवर त्याच्या हातोडीचे ठोके मोजतोय. आई दारात येऊन म्हणते, "परीक्षेला बसलांत की भजनाला?" तुम्ही हात उचलून पुस्तकाखाली दाबून ठेवता. घटकेनं पुस्तकच हलायला लागतं.

तेव्हा मेलकावेरी भागातल्या वकिलांनी, तुमच्या भजनातल्या स्नेह्यांनी, त्यांचा चावीचा ग्रामोफोन आणि डझनभर तबकड्या परीक्षेपर्यंत वापरायला दिल्या. हातोडी झाकायला गाणं. तबकडी निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण आईला चूल होती, आणि तुमच्याकडे दिलं असतं तर निवडण्यातच संध्याकाळ गेली असती. गाण्याची लावली तर दुसऱ्या ओळीला तुम्ही तोंड उघडलंत. नागस्वराची लावली तर मान हलू लागली. व्हायोलिनची लावली तर राग ओळखून झाल्यावर तो कुणी कसा गायला होता ते मला सांगत बसलात. आगीतून फुफाट्यात. अगदी तळाशी एक तबकडी होती. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं 'पियानो' तुम्हीच वाचलंत. आपण दोघांनीही ते वाद्य कधी पाहिलेलं नव्हतं. मी सुई ठेवली. शब्द नाहीत, आपला राग नाही, ताल कुठे धरावा ते कळू नये. शेजारच्यानं हातोडी थांबवली आणि तिकडे आपल्या मराठी माणसांना हाक मारतात तशी मारून विचारलं, "रायर्, कुणाची घागर जिन्यावरून पडली?" तुम्ही म्हणालात, "पडू दे बाबा, फुटत तर नाही." आईसुद्धा आतून हसली. मी म्हटलं, "अप्पा, हीच. हिच्यात मोजायला काही नाही."

"बरं गे," तुम्ही म्हणालात, "तू म्हणशील ती."

दोन महिने रोज तीच. तीन-चार मिनिटांत बाजू संपायची, मी उलटायची, चावी द्यायची, पुन्हा लावायची. आई शेजारणीला कौतुकानं सांगे, पोरीनं बापाला मार्गाला लावलं. आणि तुमचा हात खरंच मांडीवर पडत नव्हता. पडणार कसा? तो हवेत होता. एक बोट उचललेलं, आणि तुम्ही सम कुठे येते त्याची वाट बघत बसलेले. हातोडीचा ताल निदान सापडायचा. सापडला की हात आपलं काम करी आणि डोळे थोडं तरी वाचत. इथे सापडेना, म्हणून सगळा जीव तिकडेच. डोळे पुस्तकावर, बोट वर, आणि पान तेच. ज्याला तालाची सवय नाही त्याला त्या सुरांनी निवांत वाटेल. टाळकऱ्याला कसं वाटणार? दहा वर्षांच्या पोरीला हे कळलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले.

निकाल लागला त्या दिवशी तुम्ही नेहमीच्याच वेळी आलात. पाय धुतलेत. ते जाड पुस्तक फडक्यात बांधून फळीवर टाकलंत. कॉफी आईनं त्या दिवशी दोनदा केली. रविवारी आपण दोघं ग्रामोफोन परत द्यायला निघालो, पेटी तुमच्या खांद्यावर, तबकड्या माझ्याकडे. नदीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात, "त्या पियानोची सम काही मला सापडली नाही गे. शेवटपर्यंत."

"मग दुसरी लाव म्हणून कसाला नाही सांगितलं?"

"लेकरानं इतकं निवडून दिलेलं. नको कसं म्हणू?"

मी तबकड्या छातीशी धरून चालत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढे तुम्ही त्या साहेबांपुढे उभे राहिलात, मग त्यांच्या जागी आलेल्या आणखी लहान साहेबांपुढे. शेवटच्या आजारात तुमचे पाय चेपत मी कितीतरी संध्याकाळी बसले. ओठांपर्यंत यायचं आणि परत आत जायचं.

आता ताकाला जाऊन भांडं कसाला लपवू? हे पत्र टाकायला टपालपेटी नाही, ते वहीतच राहील. तुमचं हवेत थांबलेलं बोट मी दुसऱ्याच दिवशी पाहिलं होतं, अप्पा. पान उलटत नाही, हेही. आईला एक शब्द सांगितला असता तर तिनं ग्रामोफोन तिथल्या तिथे बंद केला असता. पण असले सूर मी जन्मात ऐकले नव्हते, आणि तुमची परीक्षा झाली की ते घरातून जाणार हे मला ठाऊक होतं. ती तबकडी मी माझ्यासाठी लावत होते.