पडद्यामागून शिकलेलं काम

बाबा, मोहगावच्या भजनी मंडळाचा माइकचा मिक्सर काल बोलला. मी बोलता केला. तो आधी सौंसरला भाऊजींकडेच गेला होता, तुमच्या जावयाकडे. माझ्याकडे आधी कोण आणतं? त्यांना आता सोल्डरचे बारीक टाके दिसत नाहीत, म्हणून त्यांनी तो बसमध्ये ठेवून पांढुर्ण्याला पाठवला आणि फोनवर म्हणाले, "बाबू, जमलं तं पाहून घे, नाही तं तसाच ठेव." त्या 'नाही तं'मुळे दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मिक्सर आठ चॅनलचा आणि पार मेलेला. साधा दिवा लागत नव्हता. कंपनी कधीच बंद पडली, त्याच्या सर्किटचं पुस्तक कुठंच मिळत नाही. उघडला तर फ्यूज उडालेला. नवा फ्यूज हातात घेतला आणि माझा हात तिथंच थांबला. तिगावच्या लग्नात मी उडालेल्या फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली आणि तुमचा नवा अ‍ॅम्प्लिफायर जाळला, ते तुम्ही विसरला नसाल. तुम्ही मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "तुह्या हाताले धीर नाही. तू वायरी गुंडाळ." मी सतरा वर्षांचा, आठवी नापास. त्या दिवसापासून मी आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून वायरी गुंडाळत राहिलो, आणि पडद्याच्या पलीकडे टेबलाशी तुम्ही ताईच्या नवऱ्याला काम शिकवत राहिलात.

आणि तो धोंड्याचा महिना. जावयाला वाण द्यायचं तर कपडे द्यावेत, चांदीची वाटी द्यावी. तुम्ही अनारशांच्या ताटात दिव्याशेजारी तुमचा व्होल्ट मोजायचा काट्याचा मीटर ठेवलात. आईनं तेहतीस अनारसे मोजून रचले होते. मीटरला जागा व्हावी म्हणून तुम्ही त्यातले दोन उचलले आणि माझ्या हातावर ठेवले. आई चुलीजवळून माझ्याकडे बघत होती. ते अनारसे मी खाल्ले नाहीत, गोठ्यात गाईपुढं टाकले. मीटर अजून भाऊजींच्या कपाटात आहे. सौंसरला गेलो की मी कपाटाकडे पाठ करून बसतो.

म्हणून जे आलं ते पडद्यामागून आलं. फ्यूज उडालेला असला की आधी लाइनमध्ये शंभर वॉटचा बल्ब जोडा, मग आत काही जळत नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं. मी बल्ब जोडला. तो भक्कन पेटला, म्हणजे आत शॉर्ट. दोन डायोड गेले होते. ते बदलल्यावर बल्ब मंद झाला आणि मिक्सरचा दिवा लागला. तरी भीतीनं मी तीनदा प्लग काढून पाहिला. सात चॅनल बोलले, चौथा मुका. तेव्हा तुमचा आवाज आठवला, "जवाईबापू, बंद चॅनलकडे पाहून काय करता? बाजूचा चालू आहे नं, त्याच्यात मोजा, मग ह्याच्यात मोजा." पुस्तक नसलं तर चालू चॅनल हेच पुस्तक. असं बाजूच्याशी मोजत बसायची सवय मला लहानपणापासून आहे. तिसऱ्याच्या आयसीच्या पहिल्या पायावर शून्य होतं, चौथ्याच्या त्याच पायावर चौदा व्होल्ट. आयसी बदलली. माइकमध्ये फुंकर मारली आणि ती बाहेर ऐकू आली. सत्तरी उलटली तरी मी पोरासारखा पुन्हा पुन्हा फुंकर मारत बसलो.

आज भाऊजी मिक्सर न्यायला स्वतः आले. त्यांना ऐकू कमी येतं, प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. चहा पिताना मी म्हणालो, मला कुणी शिकवलं नाही, मी चोरून ऐकलं. पुन्हा मोठ्यानं म्हणालो. ते हसले.

"चोरून कायचं? मामाजी एवढ्या जोरानं बोलत, मी का तेव्हा बहिरा होतो? मी म्हटलं, हळू बोला, तं मले म्हणे, बोलू द्या, पोट्टा आतून ऐकून राहिला."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात हेच आलं की हेही तुम्ही त्यांनाच सांगितलं. माझी गोष्ट होती, बाबा, आणि तीही तुम्ही मीटरसारखी त्यांच्याच ताटात ठेवलीत. माझ्यापर्यंत यायला तिला त्यांच्या तोंडाची वाट पाहावी लागली.

हे पाठवायचं कुठं, म्हणून वहीतच राहील. वहीत राहणार म्हणून एक कबूल करतो. निघताना भाऊजींनी विचारलं, चौथ्यात काय निघालं? मी सांगितलं, पण मुद्दाम हळू. त्यांनी कानामागं हात नेला आणि म्हणाले, "काय?" मी मिक्सरची वायर गुंडाळत राहिलो.